मोटारखान्यांतील फळ्या

या सदराकडे अलीकडे जीं पत्रें येतात, त्यांत एक तक्रार वारंवार आढळते. घरांत मोटार आली. तिच्यासाठीं अंगणाच्या कडेला भिंती उभारून, वर छप्पर घालून एक प्रशस्त जागा केली. आणि वर्ष उलटण्यापूर्वींच त्या जागेंत मोटार सोडून बाकी सर्व वस्तूंनीं आपलें बस्तान बसविलें. रंगाचे अर्धवट डबे, मुलांच्या जुन्या सायकली, गौरी-गणपतीच्या मखराचें सामान, फवारणीचा पंप, आजोबांच्या कोर्टकचेरीच्या कागदांची ट्रंक, हें सारें जमिनीवर पसरलेलें, आणि मोटार मात्र बाहेर उन्हांत. एका भगिनीनें लिहिलें आहे, "आमच्या मोटारखान्यांत मोटारीला तेवढी मनाई आहे." या खेपेस म्हणून हाच विषय घेतला आहे: मोटारखान्याच्या भिंतीवर मजबूत आणि माफक खर्चाच्या फळ्या कशा बसवाव्या.

मोटारखाना हा शब्द आज कोणास जुना वाटेल. परंतु गॅरेज म्हटलें कीं आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांपुढें हमरस्त्यावरचें दुरुस्तीचें दुकान उभें राहतें. घरच्या जागेस मी मोटारखानाच म्हणतों.

आमचें कारेगांव शिरूर तालुक्यांत, रांजणगांवच्या महागणपतीच्या शेजारीं आहे. (कोरेगांव नव्हे. तेंही याच तालुक्यांत आणि याच रस्त्यावर असल्यामुळें बाहेरगांवच्या पाहुण्यांची फसगत होते.) महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें, आणि पुढें त्याची रांजणगांवची वसाहत आमच्या शिवेला येऊन भिडली. २०१७ सालीं तर तेथील एका कारखान्यांत जीप कंपास नांवाची मोटार तयार होऊं लागली. ज्या आळींत पूर्वीं बैलजोडीवरून घराची ऐपत मोजीत, तेथें आतां दर चौथ्या घराच्या गोठ्याचा मोटारखाना झाला आहे. गोठ्यांत सामान ठेवण्याची पद्धत ठरलेली होती. मोटारखान्याची अजून ठरावयाची आहे.

जुन्या घरांत ही अडचण नव्हती, याचें कारण आपले वाडवडील फार नीटनेटके होते, असें कोणीं समजूं नये. भिंती जाड होत्या, एवढेंच. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंतींत बांधतांनाच जागा सोडलेली असे: दिव्यासाठीं देवळी, तांब्या-भांड्यांसाठीं कोनाडा, दस्तऐवजांसाठीं दारें लावलेलें फडताळ, आणि मोठ्या घरांत धान्यासाठीं बळद. उरलेलें सामान खुंटीवर, शिंक्यांत किंवा माळ्यावर जाई. भिंत सामान पोटांत घेत असे; पाठीवर वागविण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येई. आजची भिंत नऊ इंचांची, पुष्कळदां तर चार इंचांची पडदी. तिला पोटच नाहीं. तेव्हां जें कांहीं ठेवावयाचें तें तिच्या अंगाबाहेर टांगणें भाग आहे, आणि टांगलेलें ओझें व पोटांतलें ओझें यांत जो भेद आहे तोच पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

टांगण्याची युक्ति मात्र फार जुनी. संस्कृतांत भिंतींतून पुढें आलेल्या खुंटीला नागदंत म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ हत्तीचा दांत. ज्यांनीं हितोपदेशांतील मित्रलाभ वाचला असेल, त्यांस चूडाकर्ण नांवाचा संन्यासी आठवेल. तो उरलेलें भिक्षान्न पात्रांत घालून तें नागदंतावर ठेवून निजत असे, आणि हिरण्यक नांवाचा उंदीर उड्या मारून तें फस्त करी. वर्गांत ही गोष्ट शिकवितांना मुलें उंदराच्या उडीवर खूष असत. मला कौतुक वाटे तें त्या खुंटीचें. रोज रात्रीं उंदीर उड्या घेतो, पात्र हिंदकळतें, तरी नागदंत कांहीं भिंतींतून सुटत नाहीं! तो चांगला हातभर आंत पुरलेला असला पाहिजे.

आपल्याकडे नेमकें याच्या उलट घडतें. फळी सागाची घेतात, तिला पॉलिश करतात, लोखंडी ब्रॅकेट नवे आणि चकचकीत आणतात. आणि हें सर्व ज्या चार स्क्रूंवर लोंबकळावयाचें ते मात्र डब्यांत सांपडतील ते वापरतात. फळी मोडून पडल्याचें मीं आजवर पाहिलेलें नाहीं. पडते ती अखंड फळी, ब्रॅकेट आणि स्क्रू यांसह. भिंतच तिला सोडते.

दोन वर्षांमागें आमच्या ओळखीच्या एका घरीं असेंच झालें. फळी चार फुटांची, उत्तम सागाची. स्क्रू एक इंचाचे. ते गिलाव्यांतच राहिले, विटेपर्यंत पोंचलेच नाहींत. सात-आठ महिने कांहीं झालें नाहीं. नंतर एका रात्रीं रंगाच्या दोन बादल्या आणि अवजारांची पेटी यांसह ती फळी मोटारीवर आली. कांचेचें आणि पत्र्याचें नुकसान झालें तें भरून निघालें. त्या घरच्या आजी मात्र कित्येक दिवस एकच गोष्ट सांगत होत्या: त्याच सायंकाळीं त्याच फळीखालीं धाकटा नातू खडूनें फरशीवर रेघोट्या ओढीत बसला होता. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथें मोटारखाना ही मुलांच्या लपंडावाची जागा असते, भर दुपारीं वडील मंडळींची पाट टाकून बसण्याची जागा असते. फळी कोसळणें हा तेथें केवळ डबे फुटण्याचा प्रश्न राहत नाहीं.

त्या भिंतीला पुन्हां फळ्या बसविण्यास जो सुतार आला, तो माझा जुना विद्यार्थी. त्यानें पिशवींतून हातोडी काढली नाहीं कीं फूटपट्टी काढली नाहीं; बोटाच्या पेरानें भिंत ठिकठिकाणीं वाजवून पाहिली. मीं विचारलें, "काय ऐकतोस रे?"

"गुरुजी, गिलावा सुटला असला तर भिंत पोकळ वाजते. आधी तिला विचारायचं, मग भोक पाडायचं."

हें विचारणें कसें, तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण सगळी कला येथेंच आहे. प्रथम विजेचा विचार. दिव्याच्या बटणांची पेटी जेथें असेल, तिच्या सरळ वर, सरळ खालीं आणि बाजूच्या आडव्या रेषेंत भिंतीच्या आंतून तारा गेलेल्या असण्याचा संभव असतो. त्या पट्ट्यांत भोंक पाडूं नये. घरांतील पाण्याच्या नळाचेंही तसेंच. मग आडबाजूला, जेथें पुढें ब्रॅकेट झांकील अशा ठिकाणीं, ड्रिल यंत्रानें एक बारीक भोंक घ्यावें आणि खालीं पांढरा कागद धरून पडणारी भुकटी पाहावी. भिंत आपली जात भुकटीच्या रंगानें सांगते.

पहिली भुकटी करडी येते, ती सिमेंटच्या गिलाव्याची. अर्धा-पाऊण इंच आंत गेल्यावर रंग बदलला आणि लाल भुकटी पडूं लागली, म्हणजे भाजलेली वीट लागली, भाग्य समजावें. करडीच येत राहिली तर तीन-चार शक्यता आहेत. पातें मध्येंच भसकन आंत गेलें, तर दोन विटांमधला सांधा लागला. दोन इंच बाजूला सरकून पुन्हां पाहावें. यंत्र ओरडूं लागलें आणि पातें पुढें सरकेना, तर तेथें काँक्रीटचा खांब किंवा तुळई आहे. सारख्या गतीनें करडी भुकटी येत राहिली, तर राखेच्या विटा किंवा सिमेंटचे ठोकळे. ठोकळा पोकळ असला तर पातें इंचभरानंतर रिकाम्या जागेंत शिरतें, आणि तें हाताला तत्काळ कळतें. पांढरी, खडूसारखी भुकटी पडली आणि पातें ओल्या गुळांत काडी शिरावी तसें गेलें, तर भिंत हलक्या ठोकळ्यांची, ज्यांस आमच्याकडील गवंडी सिपोरेक्स म्हणतात. आणि नुसती माती गळूं लागली, तर ती जुनी भिंत आहे. तिच्या अंगावर फळी टांगण्याचा विचार तेथेंच सोडावा. तिचें काय करावें तें पुढें सांगतों.

विटेच्या भिंतीस पद्धत सोपी आहे. पूर्वीं सुतार भिंतींत चौकोनी भोंक कोरून त्यांत लांकडाचा गुटका ठोकीत आणि त्या गुटक्यांत खिळा मारीत. गुटका पावसाळ्यांत फुगे, उन्हाळ्यांत आकसे, आणि दोन-चार वर्षांत खिळ्यासकट हातांत येई. १९११ च्या सुमारास इंग्लंडांत जॉन जोसेफ रॉलिंग्ज नांवाच्या कंत्राटदारास ब्रिटिश म्यूझियमच्या भिंतींवर विजेचें सामान बसवावयाचें होतें, आणि भिंतींची नासधूस तर होऊं द्यावयाची नव्हती. त्यानें तागाच्या तंतूंची चिकटवून एक बारीक नळी तयार केली. भोंकांत ती सरकवून तींत स्क्रू फिरविला कीं ती फुगे आणि भोंकाच्या कडांना आवळून धरी. १९५८ सालीं जर्मनींतील आर्टुर फिशर यानें हीच कल्पना नायलॉनमध्यें उतरविली. हार्डवेअरच्या दुकानांत आज जी प्लॅस्टिकची गिट्टी मिळते, ती याच घराण्यांतली. आठ मिलिमीटरचें पातें, आठ मिलिमीटरची गिट्टी आणि तिला साजेसा तीन इंची स्क्रू, एवढें पुरतें. तीन इंच कशासाठीं? पाऊण इंच गिलावा कांहींच धरीत नाहीं, तो वजा करावा. विटेच्या आंत निदान दोन इंच पकड मिळाली पाहिजे. भोंक पाडल्यावर त्यांतली भुकटी फुंकून किंवा पंपानें पार काढून टाकावी (डोळे सांभाळून). भुकटीवर बसलेली गिट्टी भिंतीला धरीत नाहीं, भुकटीला धरते.

काँक्रीटला लोखंडी अँकर फास्टनर, म्हणजे पिळतांना आंत पसरणारा बोल्ट, वापरावा. त्यासारखी पकड दुसऱ्या कशाचीच नाहीं. हाच बोल्ट विटेंत, विशेषतः तिच्या काठाजवळ, घालूं नये. पसरतांना तो वीटच फोडतो. सिपोरेक्सचा ठोकळा स्वीडनमधील आक्सेल एरिक्सन यानें १९२० नंतरच्या दशकांत शोधून काढला. तो वजनाला हलका आणि उष्णतेला चांगला, परंतु पकडीच्या दृष्टीनें दुबळा. त्यास साधी गिट्टी चालत नाहीं. त्याच्यासाठीं निराळी, लांब आणि पिळाच्या दांत्यांची गिट्टी मिळते. भोंक पाडतांना यंत्राचा ठोके देण्याचा खटका बंद ठेवावा. भार जास्त असेल तर सरळ आरपार भोंक पाडून भिंतीच्या पलीकडे लोखंडी पट्टी ठेवावी आणि बोल्ट आंवळावा. दिसण्यांत बरें नाहीं, पण मोटारखान्याच्या बाहेरच्या भिंतीला कोण पाहावयास येतो? पोकळ ठोकळ्यांसही हाच उपाय मला सर्वांत भरंवशाचा वाटतो.

आमच्या भागांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. अशा जमिनीवर उथळ पायाची भिंत उभी असली कीं तिला तिरक्या चिरा पडतात. चिरेपासून निदान एक वीत अंतर सोडूनच भोंक घ्यावें.

आतां तरफेचा हिशेब. शाळेंत ज्यांनीं तो कंटाळून केला, त्यांस येथें त्याचा उपयोग कळेल. फळी एक फूट रुंद असून तिच्यावर ६० किलो भार सारखा पसरला आहे असें धरूं. हा भार फार नाहीं. वीस लिटर रंगाची भरलेली एक बादलीच पंचवीस-तीस किलो भरते, आणि पुस्तकांची एक फूट लांबीची ओळ सुमारें दहा किलो. या भाराचा मध्य भिंतीपासून सहा इंचांवर पडतो. ब्रॅकेटचा वरचा स्क्रू त्याच्या पायथ्यापासून दहा इंच उंच असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीबाहेर उपटणारा एकूण जोर ६० गुणिले ६ भागिले १०, म्हणजे ३६ किलो. आतां ब्रॅकेट उलटा लावला, आखूड बाहु भिंतीला आणि लांब बाहु फळीखालीं, आणि स्क्रूची उंची पांचच इंच उरली, तर तोच जोर ७२ किलो होतो. भार तोच, फळी तीच, स्क्रू तेच. बाजारांत जे साधे काटकोनी ब्रॅकेट मिळतात, त्यांचे दोन बाहु बहुधा असमान असतात, आणि दहांपैकीं आठ घरांत लांब बाहु फळीखालीं गेलेला दिसतो, कारण तो तेथें शोभतो. तो भिंतीला लावावा. तिरका टेकू असलेला ब्रॅकेट मिळाल्यास अधिक चांगलें. नुसता काटकोन वजनानें वांकतो, टेकू वांकूं देत नाहीं. आणि जड डबा नेहमीं भिंतीला टेकून ठेवावा. पुढच्या काठावर ठेवला तर सहाचे बारा इंच होतात आणि उपटणारा जोर पुन्हां दुप्पट. काठाला धरून एखादें मूल लोंबकळलें तर काय होईल, याचा हिशेब वाचकांनींच करावा. मी प्रत्येक फळी हा हिशेब करून, म्हणजे मूल लोंबकळणारच असें धरून, बसवितों.

फळीच्या झोलाचेंही एक गणित आहे, आणि तें फार कठोर आहे. फुटाफुटाला सारखाच भार ठेवून दोन ब्रॅकेटांमधलें अंतर दुप्पट केलें, तर झोल दुप्पट होत नाहीं, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर झोल एक-अष्टमांश उरतो. म्हणून पाऊण इंची प्लायवूडच्या फळीस जड सामानासाठीं दोन फुटांवर एक असे ब्रॅकेट द्यावे. चार फुटांच्या फळीला तीन. एका ब्रॅकेटची बचत करून जाड फळी घेणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. फळीच्या पुढच्या काठाला खालून दीड इंच उंचीची एक पट्टी उभी ठोकली, तर फळी पुष्कळच ताठ राहते. ही पट्टी अर्धा इंच वर काढावी, म्हणजे डबे घसरत नाहींत.

लांकूड कोणतें घ्यावें? साग घेऊं नये. तो वाईट म्हणून नव्हे. रंगाच्या डब्यांखालीं साग घालणें म्हणजे पैठणीचें पायपुसणें करण्यासारखें आहे. जुना वाडा उतरविला जात असेल आणि त्याच्या तक्तपोशीच्या फळ्या मिळाल्या तर अवश्य घ्याव्या. मात्र प्रत्येक फळींतला खिळा शोधून काढावा, नाहीं तर करवतीचे दांत जातील. बाभूळ आमच्याकडे मुबलक. औतांना आणि गाडीच्या चाकांना ती अप्रतिम. पण ओली असतांना फळी काढली तर पिळवटते, आणि तिच्या पांढऱ्या भागाला घूण लवकर लागते.

वसाहतीच्या सान्निध्यानें आम्हांस एक सोय झाली आहे. कारखान्यांत परदेशांतून येणारीं यंत्रें ज्या खोक्यांतून आणि पॅलेटांवरून येतात, तें देवदारासारखें हलकें पाइनचें लांकूड भंगारवाल्यांकडे स्वस्त मिळतें. तें घेण्यापूर्वीं त्याच्यावरचा शिक्का पाहावा. गव्हाच्या ओंबीसारखें चिन्ह असतें, आणि शेजारीं रोमन अक्षरें. 'एच् टी' असेल तर लांकूड तापवून कीडमुक्त केलेलें आहे, निःशंक घ्यावें. 'एम् बी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. तें घरांत आणूं नये. तेलकट डागांचें किंवा उग्र वास येणारें लांकूडही सोडून द्यावें. या पट्ट्या अरुंद असतात, म्हणून तीन-चार पट्ट्या बोटभर फट ठेवून, खालून आडव्या पट्ट्यांना जोडून फळी करावी. फटींतून धूळ गळून जाते, हा वरचा लाभ.

विकत घ्यावयाचें तर प्लायवूड. आठ फूट लांब, चार फूट रुंद तक्त्याचे दुकानांतच लांबीच्या बाजूनें चार पट्टे कापून घ्यावे. करवतीनें खाल्लेला भाग वजा जातां प्रत्येक पट्टा एका फुटास किंचित् कमी भरतो, आणि त्यांचे अर्धे केले कीं चार-चार फुटांच्या आठ फळ्या होतात. वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीबरोबर धांवल्या पाहिजेत, आडव्या नव्हेत. आडव्या रेषांची फळी लवकर झोळते. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, कोणताही लांकूडवाला हें करून देतो. भुशाचा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड मात्र स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. मोटारखान्यांत पावसाची झड येते; तो पापडासारखा फुगतो, आणि एकदां फुगला कीं त्यांत स्क्रू राहत नाहीं.

कोणी विचारतील, स्वयंपाकघरांतल्याप्रमाणें कडप्प्याची फळी कां नको? बांधकाम चालू असेल आणि दोन भिंतींच्या मधला अरुंद भाग असेल, तर जरूर घालावी. दोन्ही टोकें चार-चार इंच भिंतींत गेलीं पाहिजेत. वाळवी तिला खात नाहीं, ओल तिला लागत नाहीं. पण तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि इंचभर जाड कडप्पा स्वतःच सुमारें १९ किलो भरतो. उभ्या भिंतीला मागाहून ब्रॅकेट लावून त्यावर तो ठेवणें, हें भिंतीला नुसत्या दगडाचेंच ओझें देणें आहे.

वाळवीचें नांव निघालेंच आहे, तर तिच्यासाठीं दोन गोष्टी. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान एक फूट वर असावी, आणि फळीची मागची कड व भिंत यांत बोटभर फट ठेवावी. वाळवी मातीचा बोगदा बांधीत भिंतीवरून चढते. फट असली कीं तो दिसतो आणि मोडतां येतो.

फळ्या कोठें लावाव्या, यासाठीं मोटार आंत उभी करून, तिचीं सर्व दारें आणि मागचें झांकण उघडून, भिंतीवर खडूनें खुणा कराव्या. मोटारीच्या नाकासमोरची भिंत बहुधा सर्वांत सोयीची, कारण बॉनेटच्या वरची जागा एरवीं फुकट जाते. फळीचा कोपरा घरांतील सर्वांत उंच माणसाच्या कपाळाच्या उंचीवर येऊं नये. एवढी साधी गोष्ट, पण कपाळावर टेंगूळ आलेले गृहस्थ मला दर वर्षीं दोन-तीन भेटतात.

काय ठेवावें, याविषयीं मी थोडा हट्टी आहें. फवारणीचें औषध आमच्या शेतकरी घरांत असतेंच. तें सर्वांत वरच्या फळीवर, मुलांचा हात स्टुलावर चढूनही पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं, कुलपाच्या पेटींत आणि त्याच्या मूळ बाटलींतच ठेवावें. सरबताच्या रिकाम्या बाटलींत औषध ओतून ठेवण्याची जी रीत आहे ती प्राणघातक आहे, आणि ती घरांतल्या कर्त्या पुरुषांचीच आहे. तीबद्दल सुनांना आणि मुलांना दोष देणें व्यर्थ. पेट्रोल घरांत साठवूंच नये. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास किलोंहून अधिक भरते आणि तींत आम्ल असतें. तिची जागा जमिनीवर, हवेशीर कोपऱ्यांत. आजोबांचे कागद मोटारखान्यांत मुळींच नकोत. ते घरांत आणावे.

राहिली मातीची भिंत, आणि भाड्याच्या घरांतली अशी भिंत, जिला भोंक पाडण्यास मालकाची परवानगी नाहीं. दोहोंचा उपाय एकच: भार भिंतीवर टाकूंच नये, जमिनीवर टाकावा. दोन किंवा तीन उभे खांब, लांकडी अथवा भोंकें असलेल्या लोखंडी अँगलचे, जमिनीवर सपाट दगडावर उभे करावे आणि फळ्या त्यांना जोडाव्या. मागच्या बाजूला तिरकी पट्टी द्यावी, म्हणजे सांगाडा डुलत नाहीं. मांडणी पुढें कोसळूं नये एवढ्यापुरता वरून एकच आधार हवा. तो छपराच्या वाशाला किंवा तुळईला बांधून मिळतो. अशा मांडणीची तळची फळी सर्वांत जड सामानासाठीं राखावी. माझ्या मतें, ज्यांस ड्रिल यंत्र चालविण्याची संवय नाहीं त्यांनीं भिंत कितीही चांगली असली तरी हीच मांडणी करावी. खर्चांत फार अंतर पडत नाहीं, आणि घर बदललें तर ती बरोबर नेतां येते.

भिंतीवरची फळी बसल्यावर लगेच सामान चढवूं नये. प्रत्येक ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशीं भिंतीवर पेन्सिलीनें बारीक रेघ ओढावी आणि फळीच्या पुढच्या काठाला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून बांधावा. मग पंधरा लिटरच्या बादल्या पाण्यानें भरून चार फुटांच्या फळीवर चार ठेवाव्या. एका लिटरला एक किलो याप्रमाणें ६० किलो झाले. मोटार बाहेर काढावी, मुलांना मज्जाव करावा, आणि रात्रभर तसेंच राहूं द्यावें. सकाळीं दोऱ्यापासून फळी मध्यें पाव इंचाहून अधिक खालीं आली असेल, तर मधला आणखी एक ब्रॅकेट हवा. रेघेपासून ब्रॅकेट खालीं सरकला असेल, किंवा वरच्या टोकाशीं भिंत आणि लोखंड यांत पोस्टकार्ड शिरेल एवढी जरी फट दिसली, तरी तो स्क्रू पुन्हां पिळून घट्ट करण्याच्या भानगडींत पडूं नये. बादल्या उतरवाव्या, स्क्रू काढावा, आणि दोन-तीन इंच बाजूला नवें भोंक घ्यावें.